दिवसाच्या दोन झोपांची एक कशी करावी?

तिन्हीसांज | ४ मार्च, रात्री ११.५०

नमस्कार. हे लिहीत असताना आमची सव्वा वर्षाची कन्या शेजारी बसून स्टीलच्या डब्याचे झाकण लावते आहे आणि काढते आहे, आणि घरातील बाकी सगळे पेंगत आहेत. प्रश्न काय आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

गेल्या महिन्यापर्यंत तिचा दिवस सरळ होता. सकाळी सातला उठणे, साडेनऊला तासभर झोप, दुपारी अडीचला दीड तास आणि रात्री नऊच्या आत गाढ. सकाळची झोप ती आताही पूर्वीसारखीच घेते. मात्र दुपारी अंथरुणावर नेले की उशीवरून कोलांट्या, खिडकीच्या गजाला लटकणे, माझ्या नाकात बोट घालणे, असे चारपर्यंत चालते आणि शेवटी मीच हरते. मग साडेपाचच्या सुमारास ती खेळता खेळता जिथे असेल तिथे आडवी होते. काल तिच्या मुठीत अर्धी पोळी होती. एकदा झोपली की सातपर्यंत उठत नाही आणि पुढे रात्री साडेअकरापर्यंत तिचा दिवस चालू राहतो.

सासूबाई म्हणतात, दिवेलागणीला लेकरू झोपू देऊ नये, उठव. उठवले तर ती अर्धा तास रडते, न उठवले तर रात्री मला रडू येते. त्यातच या महिन्यापासून थोरल्याची शाळा सकाळची झाली असून साडेअकराला त्याला आणायला जावे लागते. यांचे इथे सोलापुरात नवी पेठेत दुकान असल्यामुळे ते रात्री साडेनऊच्या आधी घरी येत नाहीत. तर दोनपैकी कोणती झोप बंद करावी, की आणखी काही दिवस वाट पाहावी? जाणकारांनी आणि हे सारे भोगून झालेल्यांनी कृपया लिहावे.

कडक_भाकरी | ५ मार्च, सकाळी ७.१०

रात्री साडेअकराला झोपल्यावर सकाळी किती वाजता उठते? ते कळल्याशिवाय कोणीही काहीही सांगू नये.

तिन्हीसांज | ५ मार्च, सकाळी ९.४०

सव्वासातला. थोरल्याची शाळेत जाण्याची गडबड असते, त्या आवाजाने उठतेच. आत्ता झोपली आहे, म्हणून उत्तर देता येते आहे.

हिशेबनीस | ५ मार्च, दुपारी १.१५

मग हिशेब मांडून पाहू. साडेअकरा ते सव्वासात म्हणजे पावणेआठ तास, सकाळचा एक आणि संध्याकाळचा दीड. एकूण सव्वादहा तास. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १ ते २ वर्षांच्या मुलांना दिवसाच्या झोपा धरून चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप हवी. म्हणजे तुमची मुलगी जास्त झोपत नाही, कमीच झोपते. फक्त जी काही झोपते ती भलत्या वेळी. त्यामुळे ‘एक झोप बंद करावी’ असे म्हणण्यापेक्षा ‘दोन्ही झोपा मधोमध आणून एकीत मिळवाव्यात’ असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

हे का घडते, ते आपल्या गावच्या उदाहरणाने सांगतो. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड सुटते आणि प्रत्येकाचे लक्ष टाकी किती भरली याकडे असते. झोपेचेही तसेच आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते, त्याने झोपेचा दाब वाढतो, आणि झोपले की ही टाकी रिकामी होते. लहान बाळाची टाकी छोटी, ती दोन-तीन तासांत भरते. म्हणून ते दिवसातून तीन-चार वेळा झोपते. सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास हीच टाकी भरायला चार-पाच तास लागू लागतात. तुम्ही साडेनऊला ती रिकामी करून देता. मग अडीचला ती पुरती भरलेली नसते आणि साडेपाचला ओसंडून वाहते. शिवाय शरीरात उजेडावर चालणारे एक घड्याळ असते, ते संध्याकाळी माणसाला जागे ठेवू पाहते आणि रात्र पडली की झोपेकडे ढकलते. साडेपाच ते सात झोप झाल्यावर घड्याळ कितीही ढकलू दे, टाकीत काही नाही म्हटल्यावर ती झोपणार कशी?

म्हणून माझ्या मते संध्याकाळच्या झोपेशी भांडू नका, सकाळची झोप पुढे सरकवा. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे. साडेनऊची पावणेदहा, मग दहा, असे करीत बारापर्यंत न्या. त्या काळात दुपारची झोप लागलीच नाही, तर रात्र लवकर करा, अगदी साडेसातलासुद्धा.

तिन्हीसांज | ५ मार्च, दुपारी ४.०५

साडेसातला? म्हणजे तिच्या वडिलांनी तिला फोटोत पाहायचे का?

पाच_नातवंडांची | ५ मार्च, सायंकाळी ६.३०

हिशेबनीस यांचा हिशेब चोख असेल, पण लेकरू म्हणजे खतावणी नव्हे. मी पूर्व भागात राहते. आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि अंगाईला आम्ही जोलपाट म्हणतो. माझी तिन्ही मुले आणि पाचही नातवंडे झोळीत वाढली. तुळईच्या कडीला जुन्या नऊवारीची झोळी बांधायची, पायाच्या अंगठ्याने दोरी ओढत राहायचे आणि हातांनी मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. लेकरू पेंगले की झोळीत, जागे झाले की खाली. पंधरा-पंधरा मिनिटे झोप पुढे ढकलायला घड्याळाकडे बघायला वेळ कुणाला होता?

आणखी एक सांगते. पुढच्या खोलीत चार यंत्रमाग चालत, बोलणे ऐकू येत नसे, आणि आमचा धाकटा त्या खटखटीत दोन-दोन तास झोपे. वीज गेली आणि माग थांबले, की त्या शांततेने दचकून उठे. त्यामुळे हल्ली घरात बाळ झोपले म्हणून सगळ्यांनी चवड्यांवर चालायचे, हे मला पटत नाही.

जुने ते सगळे चांगले, असे मात्र मी म्हणणार नाही. आमच्या आजेसासूबाई गिरणीत कामाला होत्या. पाळीवर जाताना बायका लेकरांना अफूची मोहरीएवढी गोळी चाटवून जात आणि ती दिवसभर निपचित पडून राहत, असे त्यांनीच मला सांगितले होते. सांगताना त्यांचा आवाज बदलत असे. त्या झोपेला झोप म्हणू नये.

हिशेबनीस | ५ मार्च, रात्री ९.२०

आजी, खतावणीचा टोला मान्य. पण आपली झोळी म्हणजे पेंगले की झोप, जाग आली की दिवस. टाकी भरली की रिकामी करायची, हेच तर तुम्ही करीत होता. फरक एवढाच, की तुमच्या घरी लेकराजवळ सतत कोणीतरी होते आणि साडेअकराला शाळेच्या फाटकाशी पोहोचायचे नव्हते.

एक काळजी मात्र घ्यावी: मूल झोळीत उठून बसू किंवा उभे राहू लागले की झोळी थांबवलेली बरी. सव्वा वर्षाचे मूल तोल जाऊन पडू शकते.

अंगणातली_ताई | ६ मार्च, दुपारी २.२०

मी गेली काही वर्षे जुळे सोलापुरात घरगुती पाळणाघर चालवते. सध्या नऊ मुले आहेत आणि हे लिहितानाही त्यांतील आठ झोपलेली आहेत. नववा माझ्या मांडीवर बसून या पडद्याकडे बोट दाखवतो आहे.

माझ्याकडे सव्वा-दीड वर्षाचे मूल आले, की पहिले दोन-तीन आठवडे गोंधळाचे जातात, आणि ते तसेच जाणार हे मी आईला आधीच सांगून ठेवते. काही दिवस मुलाला एक झोप पुरत नाही आणि दोन झोपा मावत नाहीत. अशा मधल्या काळात एक आड एक दिवस वेगळा निघाला, तरी बिघडत नाही. माझा अनुभव असा, की झोप सरकवायची असेल तर आधी जेवण सरकवावे. ज्या मुलाला साडेअकरापर्यंत जागे ठेवायचे आहे, त्याला मी सव्वाअकराला वरण-भात देते. बारा वाजता जेवायला बसवले, तर ते चौथ्या घासाला मान टाकते, हात वाटीतच राहतो, आणि अर्ध्या पोटी झोपलेले मूल पाऊण तासात उठते. तिथेच सगळ्या दुपारचा विचका होतो.

दुसरे असे, की दहाच्या सुमारास मूल डोळे चोळते म्हणून लगेच आडवे करू नये. एकदा अंगणात न्यावे, पाण्याच्या बादलीत हात घालू द्यावा, गोगलगाय दाखवावी. कंटाळलेले मूल लगेच खुलते आणि खरोखर झोपेला आलेले मूल बादलीपाशीही कान ओढत राहते. त्याला मात्र मुळीच अडवू नये, झोपू द्यावे. फक्त अर्ध्या तासाने उठवावे, म्हणजे दुपारी दीडच्या झोपेसाठी जागा राहते.

कडक_भाकरी | ६ मार्च, दुपारी २.४५

सोलापुरात मार्चमध्ये गोगलगाय?

अंगणातली_ताई | ६ मार्च, दुपारी ३.३०

बरे, मुंगळा दाखवावा. मुंगळ्यांना आमच्याकडे तोटा नाही.

दुसरी_पाळी | ६ मार्च, रात्री ११.५५

मी चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत दुपारी तीन ते रात्री अकरा अशा पाळीला असतो आणि आत्ताच घरी आलो आहे. माझा दीड वर्षाचा मुलगा जागा आहे, कारण आम्ही त्याला मुद्दाम जागे ठेवतो. तो बाराला झोपतो आणि सकाळी सव्वानऊला उठतो, दुपारी अडीच ते साडेचार झोपतो. वर दिलेल्या हिशेबाने सव्वाअकरा तास होतात. मग रात्री साडेसातचा हा आग्रह कशासाठी? रात्रीची पाऊण तासाची भेट सोडली, तर माझ्या मुलाला मी फक्त रविवारचा पाहुणा म्हणून आठवेन.

हिशेबनीस | ७ मार्च, सकाळी ८.००

तुमच्या घरात कोणालाही सकाळी सातला उठायचे नाही, म्हणून हे जमते. मुलगा सव्वानऊपर्यंत झोपू शकतो, म्हणजे रात्र पुढे गेली तरी अखंड राहिली. धागाकर्तीच्या घरी रात्र उशिरा सुरू होते आणि थोरल्याच्या डब्याच्या आवाजाने वेळेवर संपते. खड्डा तिथे पडतो. साडेसातचा आग्रह कायमचा नाही, मधल्या दोन-तीन आठवड्यांपुरता आहे.

वामकुक्षी | ७ मार्च, दुपारी ३.५०

आमच्या मुलाने तिसऱ्या वर्षी दुपारची झोप सोडली. ती वाया जाऊ नये म्हणून त्याच्या वडिलांनी घेतली.

पत्र्याचे_घर | ७ मार्च, रात्री ९.३०

सगळे भर दुपारची झोप, भर दुपारची झोप असे लिहीत आहेत, पण अशोक चौकाच्या मागे आमच्यासारखी पत्र्याखाली राहणारी माणसेही आहेत. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे गेला, की दुपारी दीडला आमच्या माळ्यावर मोठ्या माणसालाही झोप लागत नाही. शिवाय तापलेला पत्रा रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे साडेसातला झोपवणे हे आमच्यासाठी पुस्तकातले वाक्य आहे.

गेल्या उन्हाळ्यात मुलगी सोळा महिन्यांची होती. आम्ही तिची एकमेव झोप अकरालाच घेऊ लागलो, म्हणजे पत्रा तापून लाल होण्याआधी. ती खालच्या खोलीत, शहाबादी फरशीवर नुसती पातळ चटई टाकून. खोलीत अंधार करा म्हणून सगळे सांगतात. खिडकी बंद केली की खोलीची भट्टी होते. म्हणून जुनी सोलापुरी चादर ओली करून, पिळून खिडकीला लावली. जकार्डची वीण इतकी घट्ट असते, की उजेडही अडतो आणि जी काही झुळूक येते ती गार होऊन येते. उन्हाळ्यात सोलापुरी चादरीचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही. संध्याकाळी सहाला पत्र्यावर दोन बादल्या पाणी मारायचे, तेही पाणी आलेल्या दिवशीच. मृग लागेपर्यंत ती रात्री साडेनऊला झोपायची आणि मी त्यात समाधान मानले.

पाच_नातवंडांची | ८ मार्च, सकाळी १०.१०

ही बाई शहाणी आहे.

हुरडा_खाऊ | ८ मार्च, दुपारी १२.००

आमच्या मुलाची झोप जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेपासून बिघडली. तीन रात्री अकरापर्यंत होम मैदानावर होतो. दृष्ट लागली म्हणावे की पाळण्यात बसवल्याचा परिणाम?

अंगणातली_ताई | ८ मार्च, दुपारी २.१५

दोन्ही नाही. तीन रात्रींची उधळण आठवड्याभरात भरून निघते. दोन महिने झाले असतील तर मुलाचे वय पाहा. बहुधा तोही या धाग्याच्या विषयापर्यंत पोहोचला असेल.

पांढरी_टोपी | ८ मार्च, रात्री १०.४०

मी लहान मुलांच्या विभागात परिचारिका आहे. वर अफूच्या गोळीचा उल्लेख आला म्हणून मुद्दाम लिहिते, कारण गोळी गेली तरी तिची बहीण अजून घरोघरी आहे. सर्दीचे औषध दिले की मूल छान झोपते, असे सांगणाऱ्या आया आणि आज्या मला नेहमी भेटतात. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधे चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. झोपेसाठी म्हणून तर कोणतेच औषध स्वतःच्या मनाने देऊ नये.

दुसरे, मूल रोज रात्री घोरत असेल, तोंड उघडे ठेवून श्वास घेत असेल, झोपेत सतत तळमळत असेल, तर झोपेचे वेळापत्रक बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. वाढलेले टॉन्सिल असोत की शरीरातले लोह कमी झालेले असो, अशा गोष्टी पंधरा मिनिटे पुढे-मागे करून बऱ्या होत नाहीत. आणि ज्यांची मुले दिवस पुरे होण्याआधी जन्मली आहेत, त्यांनी वय मोजताना जन्मतारीख नव्हे, अपेक्षित तारीख धरावी. तुमचे दीड वर्षाचे मूल झोपेच्या दृष्टीने सोळा महिन्यांचे असू शकते.

वामकुक्षी | ९ मार्च, दुपारी ४.३०

थोडे पुढचे विचारते. ज्यांनी ती शेवटची झोपही सोडली आहे, त्यांनी काय केले? आमचा साडेतीन वर्षांचा अंगणवाडीतून येतो, दुपारी झोपत नाही आणि सहा वाजता कशावरूनही रडतो. काल केळे मोडले म्हणून रडला. जोडून मागत होता.

अंगणातली_ताई | ९ मार्च, सायंकाळी ५.१५

केळे जोडून मागणे ही त्या वयाची ठरलेली पायरी आहे. शेवटची झोप तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान कधीही सुटते आणि एका दिवसात सुटत नाही. मी अशा मुलांना झोप म्हणतच नाही. ‘पाठ टेकायची, डोळे उघडे ठेवले तरी चालतील’ असे सांगून पाऊण तास चटईवर चित्रांचे पुस्तक देते. आठवड्यातून दोन-तीन दिवस ती आपोआप झोपतात. उरलेल्या दिवशी रात्रीचे जेवण सातला.

तिन्हीसांज | ३० मार्च, रात्री ८.३५

साडेतीन आठवड्यांनी येते आहे. वेळ पाहिली ना? ती झोपली आहे.

आधी झालेले नुकसान सांगते. साडेनऊची झोप पंधरा मिनिटांच्या हिशेबाने साडेदहापर्यंत व्यवस्थित सरकली आणि तिथे थोरल्याची शाळा आडवी आली. पावणेअकराला झोपवावे, तर सव्वाअकराला उचलून स्कूटरवर घ्यावे लागे. न झोपवता न्यावे, तर सात रस्त्याच्या सिग्नलपाशी माझ्या छातीवर तिची मान पडलेली असे. ती झोप जेमतेम सात-आठ मिनिटांची, पण घरी येऊन आडवे केले की डोळे टक्क उघडे! या चोरट्या डुलकीने सगळी टाकी रिकामी केल्यासारखी ती तीनपर्यंत नाचत असे. असे पाच दिवस गेले आणि सहाव्या दिवशी मी इथे येऊन हिशेबनीस यांना खरमरीत काहीतरी लिहिणार होते.

अखेर उपाय सासूबाईंनी काढला. थोरल्याबरोबर खालच्या मजल्यावरचा मुलगा आहे. त्याच्या आजोबांनी दोघांना आणायचे आणि मोबदल्यात त्यांच्या दुपारच्या भाकरी आमच्याकडून. तेव्हापासून हिचे जेवण अकराला, झोप पावणेबाराला. पहिले काही दिवस ती पाऊण तासातच उठून रडत असे. पहिले आठवडे गोंधळाचे जातात, असे ताईंनी लिहिले होते म्हणून मी दिवा न लावता नुसते थोपटत राहिले. आता दोन तास होतात. पावणेदोनला उठते आणि साडेपाचला पोळी खाताना जागी असते.

रात्रीचे म्हणाल तर सुरुवातीचे दहा दिवस साडेसातला झोपवले, आता सव्वाआठ. सकाळी सहाला उठते. वडिलांचा प्रश्न होता. ते आता सहा ते साडेसात तिच्याबरोबर गच्चीवर असतात, आणि दुकानात जाण्यापूर्वी खुर्चीत डुलकी घेतात.

दोनदा मागे गेलो. लस दिली त्या दिवशी आणि परवा पाणी पहाटे चारला सुटले, घरभर हंडे-बादल्यांचा आवाज झाला तेव्हा. दोन्ही दिवशी ती सकाळी साडेनऊला झोपली आणि मी झोपू दिले.

हिशेबनीस | ३० मार्च, रात्री ९.०५

खरमरीत ते लिहून ठेवले असेल तर पाठवा, संग्रही ठेवीन. एकूण पावणेबारा तास होतात. दोन महिने काहीही बदलू नका.

पत्र्याचे_घर | ३० मार्च, रात्री ९.४०

आणि चादर काढून ठेवा. एप्रिल आला.

पाच_नातवंडांची | ३१ मार्च, सकाळी ७.२०

तुझी सासू म्हणाली होती, दिवेलागणीला झोपू देऊ नको. चार हजार शब्द लिहून तुम्ही सगळे तिथेच पोहोचलात.

तिन्हीसांज | ३१ मार्च, दुपारी १२.१०

आजी, हे वाक्य मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ते मला दुसऱ्यांदा वाचायला लावले. आता माळ्यावरून थोरल्याच्या वेळची झोळी काढून धुवायला टाकली आहे. हिच्यासाठी नव्हे, गच्चीवर कैऱ्या वाळवायच्या आहेत म्हणून.